बेसबॉलचा सगळ्यात भारी क्लोझर कोण? वाद घालायचाच तर असा घाला

मारियानो रिव्हेरा पहिला. हे आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणून धरायला नको. खरी मारामारी दुसऱ्या नंबरपासून सुरू होते, आणि तिथे बहुतेक लोक सेव्हचा आकडा तोंडावर फेकतात आणि विषय संपला म्हणतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी आपली मंडळी ऑफिसात या वादात हमखास ओढली जातात, पोरं लिटल लीगला जात असली तर घरातही सुरू होतं, आणि क्रिकेटवर तासभर बोलू शकणारा माणूस ईआरए, सेव्ह, वॉर असले शब्द आले की गप्प बसतो. तर गप्प बसायची गरज नाही, थोडा अभ्यास करून जा.

आधी क्लोझर म्हणजे काय ते एका वाक्यात. टी-ट्वेंटीत शेवटची ओव्हर ज्याच्या हातात देतात तसा हा पिचर, फक्त याला आधी दोन ओव्हर टाकून बसायची सोय नाही, हा येतोच शेवटी, बहुतेक वेळा नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये (एका इनिंगमध्ये प्रत्येक टीमचे तीन आउट), टीम थोड्या रननी पुढे असताना, आणि तीन आउट काढून मॅच बंद करून जातो.

पायरी १ : प्रश्न नक्की कुठला ते ठरवा

निम्मे वाद इथेच फुकट जातात. "महान" म्हणजे अख्खं करिअर? की दोन-तीन वर्षं ज्यात त्याला कुणी हातच लावू शकलं नाही ती? की ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला काय केलं ते? तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात आणि समोरचा माणूस सोयीप्रमाणे एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उडी मारतो, म्हणजे करिअरवर हरला की म्हणणार "पण २००३ साली बघ ना". म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या, बाबा रे, आपण कशाबद्दल बोलतोय.

रिव्हेराचं वेगळेपण हे की करिअर आणि ऑक्टोबर, दोन्हींत तो पहिला येतो, आणि एकेका वर्षाच्या हिशोबातही कुठे लाज वाटावी असं नाहीये.

पायरी २ : सेव्हचा आकडा बघा, पण त्याच्यावर घर बांधू नका

सेव्ह हा प्रकार जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराने काढला आणि १९६९ पासून तो अधिकृत आकडा झाला. नियम थोडक्यात असा: मॅच तुम्ही संपवायची, विजयी पिचर तुम्ही नसायचं, आणि मग तीनपैकी एक गोष्ट हवी. एक तर आघाडी जास्तीत जास्त ३ रनची असताना येऊन किमान १ इनिंग टाकायची, नाहीतर अशा वेळी यायचं की बरोबरी करू शकणारा रन बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या मागच्या बॅटरच्या रूपात उभा आहे, नाहीतर सरळ ३ इनिंग टाकून मॅच संपवायची.

आता यातली गोम बघा. ३ रनची आघाडी, कुणी बेसवर नाही, एक इनिंग बाकी, समोर खालच्या फळीचे बॅटर. दोन रन दिले तरी सेव्ह मिळतो. उलट सातव्या इनिंगमध्ये एका रनची आघाडी, बेस भरलेले, समोरच्या टीमचा सगळ्यात तगडा बॅटर उभा, आणि त्यातून जो पिचर टीमला बाहेर काढतो त्याला सेव्ह मिळत नाही, फार तर होल्ड मिळतो आणि त्याला कुणी विचारत नाही. नववी इनिंग सुरू होताना पुढे असलेली टीम साधारण ९५ टक्के मॅच जिंकते, आणि स्पेशालिस्ट क्लोझर यायच्या आधीही हा आकडा साधारण एवढाच होता. म्हणजे साधा क्लोझरसुद्धा बऱ्याच वेळा काम करूनच जातो.

याचं बेस्ट उदाहरण फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ, ज्याला सगळे के-रॉड म्हणतात. २००८ साली एंजल्सकडून ६२ सेव्ह, एका सीझनचा रेकॉर्ड. पण त्याच्या ईआरएत (दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, कमी तितकं चांगलं) त्या वर्षी २.२४ दिसतं. चांगलं आहे, नक्कीच चांगलं आहे, पण इतिहासातलं सर्वोत्तम वर्ष वगैरे? नाही. एंजल्सनी त्या वर्षी १०० मॅच जिंकल्या आणि त्यातल्या बऱ्याच थोड्या फरकाने, त्यामुळे त्याला चान्सच ढीगभर मिळाले.

आणि दुसऱ्या टोकाला रिव्हेराचंच १९९६. त्या वर्षी यांकीजचा क्लोझर जॉन वेटलँड होता, रिव्हेरा त्याच्या आधी सातवी-आठवी इनिंग टाकायचा. १०७ इनिंग, १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटर आउट), ईआरए २.०९, साय यंग अवॉर्डच्या (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळतो तो) मतदानात तिसरा. सेव्ह किती? ५. सेव्ह मोजणाऱ्याला विचारा, ही पाच सेव्हवाली कामगिरी कुठल्या खात्यात टाकणार? माझ्या मते ते त्याच्या सगळ्यात भारी वर्षांपैकी एक आहे, कदाचित सगळ्यात भारी.

तरी सेव्हचा आकडा अगदीच फेकून देऊ नका. रिव्हेराचे ६५२, ट्रेव्हर हॉफमनचे ६०१. सहाशे वेळा मॅनेजरने कुणाच्या हातात बॉल ठेवला याला अर्थ आहेच, पंधरा-सोळा वर्षं नोकरी टिकवली हा त्याचा अर्थ. क्लोझर हे पद फार लवकर जातं, दोन आठवडे खराब गेले की दुसरा येतो.

पायरी ३ : किती इनिंग टाकल्या ते विचारा

हा प्रश्न विचारला की जुन्या लोकांचे चेहरे उजळतात, कारण त्यांच्या काळात काम वेगळंच होतं. गूस गॉसेज, ३१० सेव्ह, करिअरमध्ये १८०९ इनिंग. १९७८ ला एकट्या सीझनमध्ये १३४ इनिंग, आजचा क्लोझर ६०-६५ टाकतो. सात किंवा जास्त आउट काढून मिळवलेले सेव्ह गॉसेजचे पन्नासच्या वर आहेत, रेग्युलर सीझनमध्ये रिव्हेराचा असा फक्त १. रॉली फिंगर्स, तो वर वळवलेल्या मिशांवाला, ओकलंडच्या १९७२, ७३, ७४ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकणाऱ्या टीमचा कणा, १७०१ इनिंग. माइक मार्शलने तर १९७४ ला डॉजर्सकडून १०६ मॅचमध्ये २०८ इनिंग टाकल्या आणि साय यंग जिंकणारा पहिला रिलीव्हर (मॅचच्या मध्ये किंवा शेवटी येणारा पिचर) झाला, १०६ मॅच हो, १६२ पैकी.

आणि हॉयट विल्हेम राहिलाच की. दुसऱ्या महायुद्धात लढला, जखमी झाला, मेजर लीगमध्ये पोचेपर्यंत तिशीला टेकला होता आणि मग नकलबॉल (जवळजवळ न फिरता डगमगत येणारा संथ बॉल) टाकत टाकत पन्नाशीला टेकेपर्यंत खेळला. २२५४ इनिंग, ईआरए २.५२. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीव्हर, १९८५. करिअरच्या पहिल्याच बॅटिंगमध्ये होम रन मारला आणि परत कधीच मारला नाही, हे वादात कामाला येत नाही पण सांगायला मजा येते.

मग एक इनिंगवाले आले कुठून? ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रुसा आणि डेनिस एकर्सली. एकर्सली आधी चांगला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) होता, १९७७ ला नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता संपवलेली मॅच) टाकलाय त्याने, पण पुढे घसरण लागली, १९८७ ला ओकलंडला आला आणि ला रुसाने हळूहळू त्याला फक्त नवव्या इनिंगपुरता राखून ठेवायला सुरुवात केली. इतकं यशस्वी झालं की सगळ्या लीगने कॉपी मारली.

म्हणून गॉसेज आणि हॉफमन यांची तुलना करताना लक्षात ठेवा, दोघांची नोकरी एकच नव्हती. एका इनिंगसाठी येणारा सगळा जोर लावून टाकू शकतो, बॅटर त्याला एकदाच बघतो, त्यामुळे त्याचा ईआरए खाली राहणं सोपं जातं. गॉसेजचा ३.०१ आणि हॉफमनचा २.८७ शेजारी ठेवून "बघ, हॉफमन भारी" म्हणणाऱ्याला इथेच अडवा.

काळ आणि मैदान यांचा फरक काढायला ईआरए प्लस वापरा. १०० म्हणजे त्या काळातला सरासरी पिचर, जितका वर तितका चांगला. रिव्हेरा २०५. हजार इनिंगच्या वर टाकलेल्या पिचरांमध्ये याच्या जवळपासही कुणी नाही, आणि हे त्याने स्टेरॉइडच्या काळात, बॅटर होम रनचा पाऊस पाडत होते तेव्हा केलंय. तेही एकाच प्रकारचा बॉल टाकून. १९९७ ला टीममधल्या मेंडोझाबरोबर साधं कॅच खेळताना त्याच्या लक्षात आलं की बॉल आपोआप शेवटच्या क्षणी वळतोय, तो कटर त्याने पुढे सोळा वर्षं टाकला, सगळ्यांना माहीत असायचं काय येणार ते, तरी डावखुऱ्या बॅटरांच्या बॅटी तुटत राहिल्या.

पायरी ४ : हॉफमन विरुद्ध वॅग्नर यावर हात बसवा

सरावासाठी यापेक्षा चांगली केस नाही. दोघं २०१६ ला एकाच वेळी हॉल ऑफ फेमच्या मतदानाला पहिल्यांदा आले. आत जायला ७५ टक्के मतं लागतात. हॉफमनला ६७.३ टक्के मिळाली, बिली वॅग्नरला १०.५. आता आकडे बघा.

हॉफमन: ६०१ सेव्ह, १०८९ इनिंग, ११३३ स्ट्राइकआउट, ईआरए २.८७, ईआरए प्लस १४१.
वॅग्नर: ४२२ सेव्ह, ९०३ इनिंग, ११९६ स्ट्राइकआउट, ईआरए २.३१, ईआरए प्लस १८७.

म्हणजे वॅग्नरने १८६ इनिंग कमी टाकून स्ट्राइकआउट जास्त काढलेत. वॉर, म्हणजे जागेवर कुठलाही पर्यायी खेळाडू ठेवला असता त्यापेक्षा टीमला किती विजय जास्त मिळाले याचा अंदाज, दोघांचा जवळपास सारखा, साधारण २८. तरी मतांमध्ये एवढी दरी कशी? सेव्ह, दुसरं काय. १७९ सेव्हचा फरक मतदारांना दिसला, बाकीचं दिसायला वेळ लागला. हॉफमन २०१८ ला आत गेला. वॅग्नर २०२४ ला ५ मतांनी हुकला, आणि २०२५ ला, दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी, ८२.५ टक्क्यांनी गेला एकदाचा.

वॅग्नर मुळात उजव्या हाताचा होता हेही माहीत असू द्या, लहानपणी उजवा हात मोडला म्हणून डाव्याने टाकायला लागला. आणि हॉफमन सुरुवातीला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) होता, १९९४ च्या संपात बीचवर खेळताना खांदा दुखावला, वेग गेला, मग त्याने असा चेंजअप (फास्ट वाटणारा पण हळू येणारा बॉल) तयार केला की त्याच्यावर पुढची सोळा वर्षं काढली. मला स्वतःला वॅग्नर वर वाटतो, प्रत्येक इनिंगमागे तो जास्त चांगला होता एवढं साधं कारण. पण कुणी म्हणालं की हॉफमन जास्त टिकला, जास्त वेळा उभा राहिला, सेव्हच्या ६७७ संधींपैकी फक्त ७६ घालवल्या, तर त्या माणसाला मी वेडा म्हणणार नाही.

वॅग्नरच्या विरोधात एक मुद्दा हमखास येतो. प्लेऑफमध्ये ईआरए १०.०३. ऐकायला भयानक आहे. त्यावर पुढची पायरी.

पायरी ५ : ऑक्टोबर मोजा, पण किती इनिंगवर मोजताय ते बघा

वॅग्नरचे ते दहा आलेत ११ इनिंग आणि दोन आउट एवढ्यावर. नऊशे इनिंग एका बाजूला आणि साडेअकरा दुसऱ्या बाजूला. दोन-तीन खराब संध्याकाळींवरून माणूस ठरवायचा का? वजन द्या, पण प्रमाणात.

रिव्हेराचं तसं नाही. प्लेऑफमध्ये ९६ मॅच, १४१ इनिंग, म्हणजे जवळजवळ दोन सीझनचं काम, आणि समोर दरवेळी निवडक चांगल्या टीम. ईआरए ०.७०. ४२ सेव्ह, त्यातले बहुतेक तीनपेक्षा जास्त आउट काढून. म्हणजे "याने एकच इनिंग टाकली" हा गॉसेजवाल्यांचा आक्षेप ऑक्टोबरमध्ये त्याला फारसा लागू होत नाही, गरज पडली की यांकीजचा मॅनेजर टोरी त्याला आठव्यातच आणायचा. २००३ ला बोस्टनविरुद्ध सातव्या मॅचमध्ये तर बरोबरीत असताना तीन इनिंग टाकल्या, मग आरोन बूनने होम रन मारून मॅच संपवली. सगळ्या प्लेऑफमध्ये मिळून त्याच्या खात्यावर ११ रन आहेत, आणि अमेरिकेत एक वाक्य फार चालतं की चंद्रावर चालून आलेली माणसं याहून जास्त आहेत, १२.

समोरचा शहाणा असेल तर २००१ काढेल. काढू द्या. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, ॲरिझोना, २-१ आघाडी, नववी इनिंग. पहिल्याला सिंगल दिला, मग बंटवर स्वतःच चुकीचा थ्रो केला, टोनी वोमॅकने डबल मारून बरोबरी केली, आणि लुईस गोन्झालेझने कटरवर बॅट मोडत मोडत यांकीजच्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून बॉल टाकला, मॅच गेली, सिरीज गेली. २००४ ला बोस्टनविरुद्ध डेव्ह रॉबर्ट्सने पळून चोरलेला तो बेस, तोही याच्याच पिचिंगवर. नाकारू नका. उलट म्हणा की या दोन-तीन रात्री लोकांना इतक्या वर्षांनी तपशिलासकट आठवतात, इतक्या त्या दुर्मीळ होत्या.

एवढं मात्र प्रामाणिकपणे मान्य करा की यांकीजमध्ये होता म्हणून ९६ मॅच मिळाल्या. हॉफमनला वर्ल्ड सिरीज एकदाच दिसली, १९९८, आणि तिथे स्कॉट ब्रोशसने त्याला होम रन मारला.

पायरी ६ : एकाच वर्षाचा वाद असेल तर ही चार नावं

एकर्सली १९९०: ७३ इनिंग, फक्त ४ वॉक (चार चुकीचे बॉल टाकून फुकट दिलेला बेस), ईआरए ०.६१, ४८ सेव्ह. (१९९२ ला त्याने साय यंग आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड) दोन्ही घेतले, पण १९९० जास्त चांगलं होतं, अवॉर्ड देणाऱ्यांचं असंच असतं.)

एरिक गान्ये २००३: ५५ पैकी ५५ सेव्ह, ८२ इनिंगमध्ये १३७ स्ट्राइकआउट, साय यंग. २००२ ते २००४ मध्ये लागोपाठ ८४ सेव्ह. पण बेसबॉलमधल्या ड्रग्जच्या चौकशीच्या २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये त्याचं नाव आलं, त्यामुळे हे नाव घेतलं की वाद ड्रग्जकडे वळणार हे धरून चाला.

क्रेग किंब्रल २०१२: समोर आलेल्या बॅटरांपैकी निम्म्याहून जास्त स्ट्राइकआउट. निम्म्याहून जास्त.

झॅक ब्रिटन २०१६: ४७ पैकी ४७, ईआरए ०.५४. आणि मग टोरांटोविरुद्धच्या वाइल्ड कार्ड मॅचमध्ये (हरला तो प्लेऑफमधून बाहेर) मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला बुलपेनमध्येच (राखीव पिचर वॉर्म-अप करतात ती जागा) बसवून ठेवलं, कारण आघाडी नव्हती म्हणजे सेव्हची वेळ नव्हती, आणि अकराव्या इनिंगमध्ये दुसऱ्या पिचरवर एनकार्नेसिओनने होम रन मारून सीझन संपवला. सेव्ह हा आकडा मॅनेजरांच्या डोक्यात कसा बसलाय याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मी एकर्सली घेतो. ब्रिटनही चालेल.

पायरी ७ : क्लोझर आणि बाकीचे स्टार एकाच यादीत टाकायचे का?

इथे बहुतेक जण भावनेच्या भरात वाहून जातात. रिव्हेरा हॉल ऑफ फेममध्ये १०० टक्के मतांनी गेलेला पहिला खेळाडू, २०१९, ४२५ पैकी ४२५. बेब रूथला नाही मिळाली, विली मेजला नाही, हँक आरोनला नाही. पुढच्या वर्षी डेरेक जीटर एका मताने हुकला, २०२५ ला इचिरो एका मताने. पण म्हणून रिव्हेरा मेजपेक्षा मोठा खेळाडू झाला का? नाही हो. मतांची टक्केवारी एवढंच सांगते की आत घ्यायचा का या प्रश्नावर कुणाला शंका नव्हती, किती मोठा ते सांगत नाही.

इनिंग बघा. रिव्हेरा १२८३, स्टार्टर ग्रेग मॅडक्स ५००८. रिव्हेराचा वॉर साधारण ५६, मॅडक्सचा शंभरच्या वर, मेज १५६ च्या आसपास, रूथ १८० च्या वर. क्लोझरचं काम कितीही ताणाचं असलं तरी तो वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो, आणि मेज रोज मैदानात असायचा, बॅटिंगही, सेंटर फील्डही. बाजू मांडायची असेल तर एवढीच मांडा की रिव्हेराच्या इनिंग नेहमी मॅच लटकलेली असतानाच्या आहेत, आणि विजयाची शक्यता किती हलवली ते मोजणाऱ्या डब्ल्यूपीए या आकड्यात तो रिलीव्हरांमध्ये पहिला आहे. याने तो स्टार लोकांच्या यादीत बसतो, पण पहिल्या दहात नाही.

स्टार खेळाडूंच्या यादीचे तीन काटे सांगून ठेवतो, फार खोलात जात नाही. १९४७ ला जॅकी रॉबिन्सन यायच्या आधी काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती, म्हणजे रूथने सगळ्या चांगल्या पिचरांना तोंड दिलंच नाही. आणि २०२४ पासून निग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंच्या तेव्हाच्या वेगळ्या लीग) आकडे मेजर लीगमध्ये धरले जातात, त्यामुळे बॅटिंग ॲव्हरेजमध्ये टाय कॉबच्या वर आता जॉश गिब्सन आहे, .३७२. दुसरं, टेड विल्यम्सची ऐन भरातली तीन वर्षं महायुद्धात गेली आणि पुढे कोरियात आणखी, ती मनातल्या मनात भरायची की नाही ते आधी ठरवा. तिसरं, बॅरी बॉन्ड्स. ७६२ होम रन, ७ एमव्हीपी, आणि स्टेरॉइडच्या संशयामुळे २०२२ ला दहाव्या वर्षी ६६ टक्क्यांवर थांबला. मी त्याला यादीत धरतो, पहिल्या पाचात. तुम्ही धरत नसाल तर मग तसाच संशय असलेल्या पिचर रॉजर क्लेमेन्सलाही काढा आणि गान्येलाही, हवा तेव्हा नियम लावायचा नाही.

आणि ओहतानी, बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा जपानी स्टार. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल, मायामी, जपान ३-२ पुढे, नवव्या इनिंगमध्ये तो बुलपेनमधून आला आणि शेवटचा आउट काढला तो माइक ट्राउटचा, त्याच्या स्वतःच्या, तेव्हाच्या एंजल्समधल्या साथीदाराचा, स्ट्राइकआउट. वादात कुणी विचारलं की स्टार आणि क्लोझर एकच माणूस असू शकतो का, तर हे सांगा.

माझी यादी

१. रिव्हेरा, आणि मग मोठी मोकळी जागा.
२. गॉसेज. इनिंगमुळे.
३. विल्हेम. लोक विसरतात, मी नाही.
४. वॅग्नर.
५. हॉफमन.
६. फिंगर्स.

एकर्सलीला मी मुद्दाम बाहेर ठेवलाय, कारण त्याचं निम्मं मोठेपण स्टार्टर म्हणून आहे, १९७ विजय आणि ३९० सेव्ह असा दुसरा माणूस नाही. त्याला आणि जॉन स्मोल्ट्झला (२१३ विजय, १५४ सेव्ह) वेगळ्या खोलीत बसवा. ब्रूस सटर आणि ली स्मिथ दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत, पण सटरचा भर लवकर ओसरला, आणि स्मिथचे ४७८ सेव्ह एकेकाळी रेकॉर्ड होता तरी एकाही वर्षी तो लीगमधला सगळ्यात भीतीदायक पिचर होता असं मला वाटत नाही. केन्ली जॅन्सन आणि किंब्रल दोघांनीही ४४० सेव्ह गाठलेत. जॅन्सन कुरासावचा, आधी कॅचर होता, नंतर पिचर केला त्याला. या दोघांना वर घ्यायचं असेल तर पायरी ४ परत लावा, सेव्ह झाकून ठेवा, आणि वॅग्नरशेजारी उभं करून बघा.